जो जास्त फोन करतो, त्याचा हप्ता पहिला नव्हे

पत्र

मी २५ वर्षांची आहे. विक्रोळीला कन्नमवार नगरात आई-बाबांसोबत राहते, खोली स्वतःची आहे. एमबीएसाठी सरकारी बँकेकडून ६ लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं. हप्ते सुरू होईपर्यंत व्याज मिळवून ते ६ लाख ७० हजार झालं. दर १०.५ टक्के, मुदत १० वर्षं, हप्ता ९,०४०. नोकरीला आठ महिने झाले, हातात २८,५०० येतात.

मे महिन्यात बाबांना (वय ६१, सिक्युरिटीत होते, आता घरी) अटॅक आला. जवळच्या खासगी हॉस्पिटलात दोन स्टेंट टाकले. बिल ३ लाख ४० हजार. साठवलेले १ लाख २० हजार, संगमेश्वरच्या मामांचे ५०, क्रेडिट कार्डावर ८५, मोबाइल ॲपवरून २५ आणि उरलेल्या ६० हजारांचा २० ऑगस्ट तारखेचा चेक हॉस्पिटलला दिला.

घरखर्च आणि बाबांची औषधं मिळून १५ हजार जातात. ॲपवाले हप्त्याच्या आधीपासून रोज फोन करतात, एकदा ऑफिसच्या रिसेप्शनवरही केला, म्हणून त्यांचा ३,१०० चा हप्ता मी आधी भरते. कार्डाचा मिनिमम भरते. बँकेचे ५ जून आणि ५ जुलैचे हप्ते राहिले. बँकेचं पत्र सहकर्जदार म्हणून बाबांच्या नावे आलं, ते त्यांनीच उघडलं. तेव्हापासून जेवत नाहीत नीट. आईच्या पाटल्या मोडू का? मैत्रीण म्हणते, शिक्षणाचं कर्ज सरकार माफ करेल, थांब. बँकेत जाऊन सवलत मागायची म्हणजे भीक मागितल्यासारखं वाटतं. ठाण्यात ३६ हजारांची नोकरी मिळते आहे, पण इथल्या कंपनीने मूळ मार्कशीट ठेवून घेतल्या आहेत आणि दोन वर्षांचा १ लाखाचा बॉन्ड आहे. आधी कुणाचे द्यायचे?

– वि., विक्रोळी

उत्तर

प्रिय वि.,

तुमच्या पत्रात रक्कम, तारीख, दर सगळं आहे, त्यामुळे उत्तरही आकड्यांत देता येतं. पण आधी भिकेबद्दल. शैक्षणिक कर्जाच्या ज्या आदर्श योजनेवरून बँका आपापल्या योजना बेतात, तिच्यातच परतफेडीची मुदत १५ वर्षांपर्यंत आहे आणि बेकारीत किंवा तुटपुंज्या पगारात हप्ते काही काळ थांबवण्याची सोय आहे. नियमात लिहिलेली गोष्ट मागायला मान खाली घालायचं कारण नाही. फक्त ती वेळेत आणि लेखी मागावी लागते. माफीची वाट मात्र पाहू नका. तशी कुठलीही योजना नाही, आणि थांबण्याची किंमत मैत्रीण भरणार नाही.

आता क्रम. आज तुम्ही ज्याचा आवाज मोठा त्याला पैसे देता आहात. ॲप ओरडतं म्हणून त्याला पहिले, कार्ड मेसेज पाठवतं म्हणून त्याला दुसरे, बँक फक्त पत्र पाठवते म्हणून तिला नाहीत आणि मामा तर काहीच बोलत नाहीत. कायद्याचा आणि नुकसानीचा क्रम वेगळा आहे. घरचं जेवण आणि बाबांची औषधं सगळ्यांच्या आधी. विशेषतः स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पैसे वाचवायला एक दिवसही बंद करू नका, त्यातून स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. स्वस्त हव्या असतील तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात दाखवा. दुकानदाराच्या सल्ल्याने परस्पर बदलू नका.

त्यानंतर येतो तो चेक. लहान दिसणारा, पण सगळ्यांत धोक्याचा. चेक परत गेला की समोरच्याला ३० दिवसांत नोटीस देता येते, ती मिळाल्यावर तुमच्याकडे १५ दिवस असतात आणि तेवढ्यात पैसे दिले नाहीत तर पुढच्या महिनाभरात फौजदारी तक्रार होऊ शकते (परक्राम्य संलेख अधिनियम, कलम १३८). शैक्षणिक कर्जाचा हप्ता थकला म्हणून कुणाला कोर्टाच्या पायऱ्या लगेच चढाव्या लागत नाहीत, चेकमुळे चढाव्या लागतात. म्हणून २० ऑगस्टच्या आत हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात जा. तारीख उलटल्यावर केलेल्या विनवणीला फार किंमत नसते.

जाताना तीन कागद मागा. तपशीलवार बिल, डिस्चार्ज समरी आणि कॅथलॅबचा (स्टेंट टाकल्याच्या प्रक्रियेचा) अहवाल. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्जावर बाबांची सही घ्या. मग स्टेंटची ओळ पाहा. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. औषध लावलेल्या स्टेंटसाठी ती ३९ हजारांच्या आसपास आहे, कर वेगळा. दोन स्टेंटचे ८० हजारांच्या फार वर लावले असतील तर विचारा. प्रत्येक स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेलं असायला हवं, ते मोजा. न वापरलेली औषधं फार्मसीला परत गेली का, त्याची वजावट बिलात दिसते का, तेही पाहा.

मग विचारा की हे हॉस्पिटल सार्वजनिक न्यासाचं (ट्रस्टचं) आहे का. असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेली योजना लागू होते. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात आणि त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रकमेचा वेगळा निधी. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. तुमचा हातात येणारा पगार वर्षाला ३ लाख ४२ हजार होतो, म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. तहसीलदारांचा दाखला मात्र मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर निघतो आणि तेव्हा तुम्ही बराच काळ नोकरीत नव्हता. विक्रोळी कुर्ला तहसिलात येते. दाखल्याचा अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर करा. सध्याचा पगार लपवू नका, दोन्ही आकडे अर्जात लिहा आणि ठरवायचं काम त्यांच्यावर सोडा. अर्ज हॉस्पिटलच्या वैद्यकीय समाजसेवकाकडे द्या, प्रत वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात. उपचार होऊन गेल्यावर सवलत मिळवणं कठीण असतं, पण थकलेल्या ६० हजारांपुरती मागणी करायला हरकत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं मात्र इथे काही होणार नाही, हे आत्ताच सांगतो. १ जुलै २०२४ पासून ही योजना कुठल्याही रंगाच्या रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत चालते आणि अँजिओप्लास्टी (स्टेंट टाकणं) तिच्यात आहे. पण ती योजनेतल्याच हॉस्पिटलात आणि आधी मंजुरी घेऊन चालते. खिशातून भरलेले पैसे नंतर परत मिळत नाहीत. म्हणून पुढच्या वेळेची तयारी आज करा. आधार, रेशनकार्ड घेऊन आयुष्मान कार्डाची नोंदणी पूर्ण करा आणि १५५३८८ वर विचारून आपल्या भागातल्या योजनेतल्या दोन हॉस्पिटलांची नावं आईच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. अटॅक आला की माणूस जवळचं हॉस्पिटल गाठतो आणि तेच बरोबर आहे. त्या क्षणी यादी शोधत बसायची नसते, ती आधीच माहीत असावी लागते. बाबांचा पुढचा पाठपुरावा परळच्या केईएम किंवा शीवच्या टिळक रुग्णालयाच्या हृदयरोग ओपीडीत करता येईल. रांग लांब असते, सकाळी लवकर जा.

हॉस्पिटलने काहीच कमी केलं नाही तर? तेव्हा पाटल्या. पण मोडू नका, तारण ठेवा, आणि तेही फक्त त्या चेकपुरत्या. बँकेच्या सोनेतारण कर्जावर ९-१० टक्के व्याज धरलं तर ६० हजारांना महिना ४७५ रुपयांच्या आसपास पडतं. गल्लीतल्या सराफाकडे किंवा जाहिरातीतल्या कंपनीकडे जाण्याआधी जिथे आईचं खातं आहे तिथे विचारा. पावतीवर वजन, कॅरट आणि परतफेडीची तारीख तपासून घ्या, तारीख चुकली की लिलावाची नोटीस येते. आईला स्पष्ट विचारून मगच हे करा. पाटल्या तिच्या आहेत.

आता बँक. इथे एक तारीख लक्षात ठेवायची आहे, ३ सप्टेंबर. ५ जूनचा हप्ता थकून त्या दिवशी ९० दिवस होतात आणि खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत धरलेलं, होतं. त्याच्या आत थकबाकीतला सगळ्यांत जुना एक हप्ता जरी भरला, तरी दिवसांची मोजणी मागे येते. एकदा एनपीए झालं की मात्र सगळी थकबाकी पूर्ण भरल्याशिवाय खातं पुन्हा नियमित होत नाही. दोन्हींत फरक एवढा मोठा आहे, आणि बँकेच्या पत्रात तो कुणी समजावून सांगत नाही. तेव्हा ऑगस्टच्या पगारातून ९,०४० आधी इथे. उरलेल्या ४,४६० मधून कार्ड भागेल. त्या महिन्यापुरता ॲपचा हप्ता पीएफमधून काढा. आजारपणासाठी पीएफमधून अग्रिम (ॲडव्हान्स) घेता येतो, अवलंबून असलेल्या आई-वडिलांच्या आजारासाठीही. मात्र आठ महिन्यांच्या नोकरीवर तो मिळेल का, ते आधी विचारा. एवढ्यात फार जमलंही नसेल, पण ॲपचं कर्ज बाबांच्या आजारातलंच आहे, त्यामुळे पैसे योग्य जागी जातात.

भरल्यानंतर शाखा व्यवस्थापकांना अर्ज द्या. असा:

"माझ्या शैक्षणिक कर्ज खात्यात जून, जुलै आणि ऑगस्टचे तीन हप्ते थकले होते, त्यातला जूनचा आज भरला आहे. वडिलांच्या हृदयविकाराच्या उपचारासाठी मे महिन्यात ३,४०,००० रुपये खर्च झाला, कागदपत्रं जोडली आहेत. माझा हातात येणारा पगार २८,५०० असून हप्ता त्याच्या ३२ टक्के आहे. पुढील सहा महिने मी दरमहा फक्त व्याज भरू इच्छिते, मार्चपासून पूर्ण हप्ता सुरू करीन. जुलै आणि ऑगस्टचे हप्ते मुद्दलात मिळवावेत. ही सवलत सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोला कशी कळवली जाईल, ते लेखी कळवावे. यापुढचा पत्रव्यवहार व फोन वडिलांऐवजी माझ्याशीच करावा, ते आजारी आहेत."

सोबत तीन पगारपत्रकं, डिस्चार्ज समरी, बिल. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, नाहीतर अर्ज दिलाच नव्हता असं धरून चाला. अर्जातली शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. बाबा सहकर्जदार आहेत, त्यांना कळवण्याचा बँकेचा हक्क राहतो, पण आजाऱ्याला सोडून तुमच्याशी बोला हे सांगण्याचा तुमचाही आहे. आणि बाबांना तुम्हीच बसून सांगा, कागद पुढ्यात ठेवून. न जेवण्याचं कारण कर्ज नसतं बहुतेकदा, न सांगितलेला आकडा असतो.

पूर्ण सहा महिने काहीच न भरण्यापेक्षा फक्त व्याज का? मुद्दल आज साधारण साडेसहा लाख धरा. महिन्याचं व्याज ५,६९० होतं. काहीच भरलं नाही तर सहा महिन्यांत ३४ हजार डोक्यावर चढतात. मुदत १४ वर्षांवर नेली तर हप्ता ७,४०० पर्यंत उतरतो, पण शेवटपर्यंत मिळून २ लाखांहून अधिक जास्त जातात. हा पर्याय तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. घ्यावाच लागला तर हातात पैसे येतील तसे मुद्दलात भरत राहा, व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या अशा कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही. थकलेल्या हप्त्यावरही १ एप्रिल २०२४ पासून दंडव्याज नाही, फक्त दंडशुल्क, आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. पासबुकात तपासा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवीचं दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करा, चौकशीसाठी १४४४८.

कार्डाचा नुसता मिनिमम भरत राहणं मात्र थांबवा. ८५ हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी २,९७५ व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ३,५१०. पाच टक्के मिनिमम म्हणजे ४,२५० भरलेत, त्यातले ७४० मुद्दलात गेले. या वेगाने तुमची पन्नाशी येईल. कार्ड कंपनीला पूर्ण बाकी २४ महिन्यांच्या हप्त्यांत बदलून मागा. १६ टक्क्यांनी ४,१६० च्या आसपास पडतो, म्हणजे आज भरता त्याहून कमी, आणि दोन वर्षांत संपतो. कार्ड तोवर कपाटात.

ॲपवाल्यांचं काय? हप्ता भरा, घाबरून नव्हे तर त्याचा व्याजदर जास्त आहे म्हणून. पण कर्ज देणारी मूळ बँक किंवा वित्तसंस्था कोणती, ते करारात शोधा आणि तिच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. कुटुंबीय, मित्र, संदर्भ म्हणून दिलेली माणसं यांच्यात घुसायचं नाही, चारचौघांत मान जाईल असं काही करायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. रिसेप्शनवर आलेल्या फोनची तारीख, वेळ, नंबर लिहा. ॲपच्या मागे नोंदणीकृत संस्थाच सापडली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करा, आणि फोटो-संपर्कांच्या धमक्या आल्या तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर. एक इशारा. हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल आणि शिल्लक नसल्याने परत गेला, तर त्यालाही चेकसारखाच कायदा आहे. म्हणून तिन्ही हप्त्यांच्या तारखा पगारानंतरच्या आठवड्यात आणून घ्या.

आता बेरीज. २८,५०० मधून घर १५,०००. बँक ५,६९०, कार्ड ४,१६०, ॲप ३,१००, पाटल्यांचं व्याज ४७५. उरले ७५ रुपये, आणि कार्डाच्या व्याजावरचा जीएसटी धरला तर तेही नाहीत. पण फेब्रुवारीत ॲप संपतं, ३,१०० सुटतात आणि मार्चला बँकेचा पूर्ण हप्ता झेपण्याच्या जवळ येतो. सहा महिने मागायचे ते यासाठीच. उगाच वर्ष मागू नका.

भाऊ-बहिणीचा उल्लेख पत्रात नाही. असतील तर त्यांच्याकडे मोघम मदत मागू नका, बाबांच्या औषधांचं बिल दरमहा पाठवा. मामांना फोन करा आणि एक तारीख सांगा, पुढच्या वर्षीची का असेना. जो मागत नाही त्याचं कर्ज लोक विसरतात.

नोकरीबद्दल. सात-साडेसात हजारांची वाढ वरच्या सगळ्या गणिताहून मोठी आहे, तेव्हा ऑफर घ्या, पण क्रमाने. मूळ मार्कशीट परत मिळाव्यात असा ईमेल आधी करा, राजीनाम्याचा शब्दही न काढता. शैक्षणिक कागद नोकरदाराने अडकवून ठेवावेत याला कायद्याचा आधार नाही. दरम्यान डिजीलॉकरमध्ये विद्यापीठाचे निकाल दिसतात का पाहा, नव्या कंपनीला तेवढं बहुधा चालतं. सगळे बॉन्ड बेकायदा असतात असं कुणी सांगितलं तर मानू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, २ लाखांचा बॉन्ड वैध ठरवला. पण तिथे भरतीच्या खर्चाचा आणि वाजवीपणाचा विचार झाला. कंपनीने तुमच्यावर प्रशिक्षणाचा खरा खर्च किती केला, हा प्रश्न आहे. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मागता येते, बॉन्डमधला आकडा ही कमाल मर्यादा असते. केलेल्या प्रशिक्षणाचे दिवस लिहून ठेवा, नोटीस पीरियड पूर्ण करा. नोटिशीचे दिवस विकत घ्यायला नवी कंपनी तयार आहे का, तेही विचारा. नोकरी सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब देण्याचं बंधन नव्या वेतन संहितेत आहे, ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. अडवलं तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा. आणि वकील लागलाच तर १५१०० वर फोन करा. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मिळतो.

नव्या कंपनीत रुजू होताना एक गोष्ट विचारायला विसरू नका. तिथल्या सामूहिक आरोग्य विम्यात आई-वडिलांना घेता येतं का, आणि हृदयविकार पहिल्या दिवसापासून धरला जातो का. बहुतेक ठिकाणी नावं घालायची मुदत रुजू झाल्यावर थोडेच दिवस असते. बाबांचं नाव पहिल्याच आठवड्यात घाला.